सही करायची, पण कशावर?

मावशी,

मी मूळची साताऱ्याची. अमेरिकेत एका स्टेट युनिव्हर्सिटीत पब्लिक पॉलिसी शिकते, खर्च टीएशिपवर (प्राध्यापकांना शिकवण्यात मदत करायची विद्यार्थी-नोकरी) भागतो. आमच्या डिपार्टमेंटमधले एक ज्येष्ठ प्राध्यापक मध्यंतरी एका पॉडकास्टवर म्हणाले की कृष्णवर्णीयांची बुद्धी सरासरीने कमीच असते, हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोलायची चोरी झालीय. आणि ‘तसल्या’ देशांतून येणारे लोक इथली संस्कृती कधीच उचलत नाहीत, तेव्हा दार लावून घेतलेलं बरं. त्यांचा एक कोर्स मला सक्तीचा आहे. गेल्या आठवड्यात वर्गात त्यांनी माझ्या मैत्रिणीला (ती अटलांटाची, कृष्णवर्णीय) सगळ्यांसमोर विचारलं, “तुला इथे प्रवेश कसा मिळाला, याचा कधी विचार केलायस?” ती काही बोलली नाही. मीही नाही. आमच्या पेपरांवर नावं असतात आणि तपासतात तेच.

आता विद्यार्थ्यांनी पिटिशन काढलंय, यांना नोकरीवरून काढा म्हणून. मैत्रीण म्हणते सही कर. रूममेट नागपूरची, ती म्हणते, आपल्याबद्दल थोडंच बोललेत, भारतीय इथे हुशारच समजले जातात. बाबा म्हणतात, शिकायला गेलीयस, शिकून ये, व्हिसाचं बघ. आणि न्यू जर्सीच्या काकांनी ती क्लिप घरच्या ग्रुपवर टाकलीय, वर लिहिलंय, ‘खरं बोलायला जिगर लागते.’ बोलण्याचं स्वातंत्र्य मला पटतं, पण म्हणून हे ऐकून घ्यायचं? सही करू की गप्प बसू?

– एक विद्यार्थिनी

अगं,

आधी उत्तर, मग बाकीचं. या पिटिशनवर सही करू नकोस. आणि गप्पही बसू नकोस. वर्गात तुझ्या मैत्रिणीला जे विचारलं गेलं त्याची लेखी तक्रार व्हायला हवी, लवकर व्हायला हवी, आणि त्या तक्रारीत पॉडकास्टचा प सुद्धा नको.

तुला हे आडमुठेपणाचं वाटेल. पॉडकास्ट ऐकूनच तर सगळे पेटलेत. पण प्राध्यापकाने बाहेर मांडलेलं मत आणि वर्गात समोर बसलेल्या मुलीशी केलेली वागणूक, या दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या की काय होतं, ते अमेरिकेने गेली काही वर्षं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बघितलंय.

तिथल्या कायद्याच्या प्राध्यापक एमी वॅक्स, हे नाव तुझ्या कानावर आलं असेल. बाई साध्यासुध्या नाहीत. हार्वर्डच्या डॉक्टर, मग कोलंबियातून कायदा, सरकारी वकील म्हणून सुप्रीम कोर्टात १५ खटले लढवलेल्या, आणि २०१५ साली उत्तम शिकवण्याबद्दल विद्यापीठाचा पुरस्कार मिळालेल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी एका सहलेखकाबरोबर फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रात लेख लिहिला: सगळ्या संस्कृती सारख्या नसतात, १९५० च्या आसपासचे मध्यमवर्गीय संस्कार गेले आणि देशाची घडी विस्कटली. कायदा शाखेतल्या ३३ सहकाऱ्यांनी निषेधाचं जाहीर पत्र काढलं. माझ्या मते तो निषेध रास्त होता आणि तिथेच थांबायलाही हरकत नव्हती. मताला मत मिळालं.

पण त्याच सुमाराला एका मुलाखतीत त्या म्हणाल्या की आपल्या लॉ स्कूलमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी वर्गाच्या वरच्या चौथाईत पास झालेला त्यांनी बहुधा कधी पाहिलाच नाही, वरच्या निम्म्यातही क्वचितच. आता इथे जरा थांब. हे संस्कृतीबद्दलचं मत नव्हतं. ज्यांचे पेपर ही बाई तपासते त्या, आज वर्गात बसलेल्या मुलांबद्दलचं ते विधान होतं. निकाल गोपनीय असतात, म्हणजे ती मुलं स्वतःचे मार्क दाखवून उत्तरही देऊ शकत नव्हती. डीननी हे विधान खोटं असल्याचं जाहीर सांगितलं आणि मार्च २०१८ मध्ये पहिल्या वर्षाच्या सक्तीच्या विषयावरून त्यांना बाजूला केलं. ऐच्छिक विषय त्या शिकवत राहिल्या. ज्याला त्यांच्याकडे शिकायचं त्याने शिकावं, पण ज्याला निवडच नाही त्याला त्यांच्यासमोर बसवायचं नाही. सगळ्या प्रकरणात विद्यापीठाने दाखवलेलं शहाणपण मला विचारशील तर एवढंच.

पुढे गाडी घसरत गेली. २०१९ मध्ये एका परिषदेत त्या म्हणाल्या की देशात गोरे जास्त आणि बिगरगोरे कमी असले तर बरं. २०२१ च्या अखेरीस, आशियाई लोक कमी आले तर अमेरिकेचं भलं. वंशश्रेष्ठत्वाचा उघड प्रचार करणाऱ्या एका माणसाला त्यांनी आपल्या वर्गात पाहुणा म्हणून बोलावलं. २०२२ मध्ये डीननी शिस्तभंगाची कारवाई सुरू केली आणि ती सप्टेंबर २०२४ पर्यंत रेंगाळली. शिक्षा झाली ती अशी: एक वर्ष निलंबन, तेही अर्ध्या पगारावर, मानाचं अध्यासन गेलं, उन्हाळ्याचा जादा पगार कायमचा बंद, जाहीर समज. नोकरी शाबूत. विद्यापीठ म्हणालं, ही शिक्षा बोलण्याची नाही, वागण्याची आहे. पण आरोपपत्रात पॉडकास्ट, भाषणं, टीव्हीवरच्या मुलाखती आणि विद्यार्थ्यांच्या तक्रारी एकाच ताटात वाढलेल्या, तेव्हा नेमकी कशाची शिक्षा झाली हे ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवलं. बाई त्यांच्या चाहत्यांत हुतात्मा झाल्या. बोलण्याच्या स्वातंत्र्यासाठी झगडणारी ‘फायर’सारखी संस्था, जिला त्यांची मतं मुळीच मान्य करावी लागत नाहीत, तीही विद्यापीठाच्या विरोधात उभी राहिली. बाई कोर्टात गेल्या, ऑगस्ट २०२५ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी दावा फेटाळला. आणि वर्गातल्या ज्या मुलांना बोलणं लागलं होतं ती तोवर पास होऊन कधीच निघून गेली होती. त्यांच्या पदरात काय पडलं, सांग मला.

म्हणून म्हणते, ‘काढून टाका’ या मागणीत तुझी मैत्रीण हरवते. सगळी चर्चा त्या प्राध्यापकाच्या हक्कांची होते. त्या वर्गात तिला काय सोसावं लागलं याची कुणी वास्तपुस्तही करत नाही.

आता काका. वॅक्सबाई २०२२ मध्ये टीव्हीवर एकदा भारतीय बायकांवर घसरल्या, तेही ब्राह्मण घरांतल्या, शिकल्यासवरल्या. आपण ब्राह्मण म्हणजे जगात श्रेष्ठ असं यांना घरी शिकवतात, यांच्या देशाची मात्र दुर्दशा (त्यांचा शब्द याहून घाण होता), आणि त्या जळफळाटातून या अमेरिकेला नावं ठेवतात, असा एकूण सूर. त्याआधी ‘बाई बोलते ते कटू पण सत्य’ म्हणणारी मराठी मंडळी माझ्या ओळखीत होती. त्या दिवशी त्यांनाच बाई वंशद्वेष्टी असल्याचा साक्षात्कार झाला. (त्यांच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकून आपल्याकडची काही घरं थोडी चपापली असतील, तीही चपापायला हरकत नव्हती.) काकांशी ग्रुपवर वाद घालू नकोस, चारचौघांत कुणी माघार घेत नाही. फोन कर आणि विचार, “काका, ही दुसरी क्लिपपण टाकू का? जिगर तीच आहे.”

आणि तुझ्या नागपूरच्या रूममेटला भगतसिंग थिंद यांची गोष्ट सांग. पंजाबी शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात नोकरी केलेले. तेव्हाच्या कायद्याने नागरिकत्व मिळवायला ‘गोरी व्यक्ती’ असावं लागे किंवा आफ्रिकन वंशाची. थिंद यांच्या बाजूने युक्तिवाद झाला की हे उच्चवर्णीय आहेत, आर्यवंशाचे आहेत, खालच्या जातीशी लग्न करायलाही नाखूश असतात, सबब गोरेच. १९२३ साली सुप्रीम कोर्टाने एकमताने नाही म्हटलं: साध्या माणसाच्या समजुतीत तुम्ही गोरे नाही. मिळालेलं नागरिकत्व गेलं, आणि त्यांच्यासारख्या आणखी काही भारतीयांचंही. ‘तो आपल्याबद्दल बोलला नाही’ यावर विसंबून राहिलेल्यांचं पुढे काय होतं, ते तिला त्यात दिसेल. तसंही तुझ्या प्राध्यापकांनी ‘तसले देश’ म्हटलंय. त्या यादीत आपण नाही, असं तिला कुणी सांगितलं?

मग तू म्हणशील, मावशी, एवढं सगळं असूनही काढा का म्हणायचं नाही?

कारण प्राध्यापकाला मतासाठी काढता येऊ नये, हा नियम अमेरिकेत जन्माला आला तोच मुळी असल्या एका माणसामुळे. १९०० साली स्टॅनफर्डमध्ये एडवर्ड रॉस नावाचे समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत भाषण ठोकलं की आशियाई मजुरांचे लोंढे थांबवा, आणि त्यात वंशाची भाषा अशी की आज वाचवत नाही. विद्यापीठाची सूत्रं जेन स्टॅनफर्ड यांच्या हाती. त्यांच्या नवऱ्याची रेल्वे चिनी मजुरांनी बांधलेली, आणि रॉस रेल्वे कंपन्यांच्या विरोधातही बोलत असत. बाईंनी कुलगुरूंमागे धोशा लावला आणि रॉसना राजीनामा द्यावा लागला. त्यावर निषेध म्हणून आणखी प्राध्यापक सोडून गेले, त्यात तत्त्वज्ञानाचे तरुण आर्थर लव्हजॉय होते. अर्थशास्त्रज्ञांनी चौकशी समिती नेमली, तिच्यात पुढाकार कोलंबियाच्या एडविन सेलिगमन यांचा. यांना रॉसचं वंशाबद्दलचं बोलणं गोड वाटलं असेल असं समजू नकोस. मालकाला आवडलं नाही म्हणून मास्तरला हाकलायचं, हे त्यांना चालत नव्हतं.

हेच लव्हजॉय आणि सेलिगमन पुढे १९१५ साली अमेरिकन प्राध्यापकांची संघटना उभी करण्यात होते. पहिले अध्यक्ष तत्त्वज्ञ जॉन ड्युई. अध्यापनस्वातंत्र्याचा पहिला जाहीरनामा ज्या समितीने काढला तिचे अध्यक्ष सेलिगमन. त्या वर्षी कोलंबियात सेलिगमन यांच्या हाताखाली साताऱ्यात बालपण घालवलेला एक विद्यार्थी अर्थशास्त्र शिकत होता आणि ड्युईंच्या वर्गातही बसत होता. भीमराव आंबेडकर. तुझ्याच गावच्या शाळेतून गेलेले, म्हणून मुद्दाम सांगितलं. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना न आवडणारं बोलायचं काम केलं, त्याचे गुरू हा नियम लिहीत होते.

आणि हत्यार काय, आज यांच्या हातात, उद्या त्यांच्या. मार्च २०२५ मध्ये टफ्ट्स विद्यापीठाची रुमेसा ओझतुर्क, तुर्कस्तानची, पीएच.डी. करणारी, तुझ्यासारखीच विद्यार्थी व्हिसावर, तिला संध्याकाळी रस्त्यातून तोंड झाकलेल्या साध्या कपड्यांतल्या अधिकाऱ्यांनी उचलली. वर्षभरापूर्वी कॅम्पसच्या पेपरात चौघांनी मिळून गाझाबद्दल एक लेख लिहिला होता, त्यात ती एक. सहा आठवडे लुइझियानात डांबून ठेवल्यावर न्यायाधीशांनी सोडवली. त्याच वर्षी सप्टेंबरात चार्ली कर्क या उजव्या विचारांच्या प्रचारकाची हत्या झाली आणि त्यावर सोशल मीडियावर काहीबाही लिहिलं म्हणून कितीतरी प्राध्यापक निलंबित झाले, काहींच्या नोकऱ्या गेल्या. तेव्हा ‘मतासाठी काढा’ ही मागणी दुसऱ्या बाजूने येत होती. आज तुझ्या मित्रमंडळींना जो नियम वाकवायचाय, उद्या त्यांच्याच आवडत्या प्राध्यापकाला त्याच नियमाचा आडोसा लागणार आहे. तुझे बाबा घाबरतात ते उगाच घाबरत नाहीत. त्यांना भित्रं म्हणू नकोस.

तुझं विद्यापीठ सरकारी आहे, याने आणखी फरक पडतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ खासगी, तिथे घटनेची पहिली दुरुस्ती (बोलण्याच्या स्वातंत्र्याची हमी देणारी) थेट लागू होत नाही. सरकारी विद्यापीठाला ती बांधून ठेवते. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात, तेही सरकारीच, १९९० च्या आसपास एकाच वेळी दोन वादग्रस्त प्राध्यापक होते. मायकल लेव्हिन, गोरे, तत्त्वज्ञान शिकवायचे, कृष्णवर्णीयांची बुद्धी सरासरीने कमी असं लिहायचे. लेनर्ड जेफ्रीज, कृष्णवर्णीय, कृष्णवर्णीय अभ्यास विभागाचे प्रमुख, १९९१ च्या एका भाषणात ज्यूंवर तुटून पडले. लेव्हिन यांच्या बाबतीत कॉलेजने आपणहून एक समांतर वर्ग उघडला, ज्याला यांच्याकडे शिकायचं नाही त्याने तिकडे जावं म्हणून. कोर्टाने ते रद्द केलं आणि १९९२ मध्ये अपिलातही तेच टिकलं. का? वर्गात आपल्याला वंशावरून वेगळं वागवलं अशी एकाही विद्यार्थ्याची तक्रार नव्हती. सगळा खटाटोप त्यांनी बाहेर लिहिलेल्या मजकुरामुळे. जेफ्रीज यांचं विभागप्रमुखपद गेलं, ते आधी कोर्टात जिंकले, पण १९९५ मध्ये अपिलात हरले. प्राध्यापक म्हणून मात्र ते कायम राहिले, वर्गात शिकवत राहिले, आणि कोर्टानेही ते नमूद केलं. खुर्ची काढता येते, तोंड बंद करता येत नाही, असा त्याचा अर्थ मी लावते. मी वकील नाही, पण एवढं कळायला वकील लागत नाही.

तुझ्या प्रकरणात आणि लेव्हिनच्या प्रकरणात फरक आहे तो त्या एका वाक्याचा. “तुला इथे प्रवेश कसा मिळाला?” हे वर्गात, सगळ्यांसमोर, सक्तीच्या कोर्समध्ये, स्वतः मार्क देणाऱ्या माणसाने एका कृष्णवर्णीय मुलीला विचारलं. इथे तुमची बाजू भक्कम आहे. पिटिशनमध्ये पॉडकास्ट पहिल्या ओळीत आणि हे वाक्य खाली कुठेतरी असेल, पैज लावते. म्हणजे आपला भक्कम मुद्दा आपणच खाली दाबायचा आणि कमकुवत मुद्द्यावर लढाई करायची.

आता बुद्धीबद्दलचं. ते खोडून काढायचंच, आणि तू ते करू शकतेस, हाच तुझा विषय आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने साडेसतरा लाख रंगरुटांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या. त्यात प्रश्न काय होते माहितेय? क्रिस्को म्हणजे काय: औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाण्याचा पदार्थ? क्रिस्को हे तिकडचं डालडासारखं तूप. पोलंड-इटलीहून बोटीतून नुकत्याच उतरलेल्या माणसाला ते कुठून माहीत असणार? एक बेसबॉलपटू ओळखायचा प्रश्न होता. त्या आकड्यांवरून प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ मध्ये निष्कर्ष काढला की उत्तर युरोपातले गोरे सर्वांत हुशार, बाकीचे गोरेसुद्धा खाली. लोकांचं येणं रोखायच्या वादात ते आकडे हिरिरीने वापरले गेले. मग १९३० मध्ये ब्रिगहॅम यांनी स्वतःच लिहून टाकलं की आपल्या त्या अभ्यासाला पाया नव्हता. कुणी त्यांना काढलं म्हणून नव्हे, पद्धतीतली खोट उघडी पडली म्हणून. तोवर कायदा होऊन गेला होता, हेही खरं, आणि वादाने सगळं निभावतं असं मी तुला भासवणार नाही. पुढे जेम्स फ्लिन या संशोधकाने १९८४ मध्ये दाखवलं की १९३२ ते १९७८ या काळात गोऱ्या अमेरिकनांचेच बुद्ध्यांक जवळजवळ १४ गुणांनी वर गेले. साडेचार दशकांत त्यांचा वंश काही बदलला नव्हता. शाळा, आहार, घर, राहणीमान हे बदललं. मग दोन गटांतला फरक रक्तात आहे असं छातीठोक सांगणाऱ्याला हे आधी समजावून सांगावं लागेल.

याहून जवळचं उदाहरण हवं असेल तर इरावती कर्वे. मराठी वाचक त्यांना लेखिका म्हणून ओळखतो, पण १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्याकडे पीएच.डी. करत होत्या. हे फिशर म्हणजे आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत मिश्रवंशाच्या लोकांची मापं घेऊन ‘संकर वाईट’ असं सांगणारे, पुढे नाझी आल्यावर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झालेले. त्यांचं गृहीत असं की गोऱ्या युरोपीयांच्या कवटीची एक बाजू किंचित मोठी असते, कारण तर्कबुद्धीसाठी मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा. इरावतीबाईंनी १४९ कवट्या हातात घेऊन मोजल्या. वेगवेगळ्या वंशांच्या, डावी बाजू, उजवी बाजू, मिलिमीटरचा हिशेब. कवटीतली विषमता होती, पण वंशाशी तिचा संबंध सापडला नाही. तसं त्यांनी प्रबंधात लिहिलं. पदवी देणारे फिशर, बाई परक्या मुलखात, पिशवीत पैसे बेताचे. पदवी मिळाली, श्रेणी सर्वांत खालची. (पुढे इरावतीबाईंनी स्वतः महाराष्ट्रात जातवार डोकी मोजली, त्यावर बोलायला एक वेगळं पत्र लागेल.) फिशरना काढा, असं कुणी म्हटलं असतं तरी तेव्हा कुणी ऐकलं नसतं. बाईंनी मापं लिहून ठेवली, ती आजही खोटी ठरत नाहीत.

तर आता करायचं काय. सगळ्यांत आधी मैत्रिणीकडे जा. सही का करत नाही हे तिला तुझ्या तोंडून कळू दे, यादीत नाव नाही म्हणून नव्हे. आणि कृपा करून तिला रॉस आणि सेलिगमन ऐकवू नकोस. ज्याचं जळतं त्याला इतिहास सांगायचा नसतो. तिला एवढंच विचार की त्या दिवशीच्या वाक्याची तक्रार करायची का, कारण प्रसंग तिच्यावर आलाय आणि परवानगीही तिचीच लागेल. हो म्हणाली तर साक्षीदार म्हणून तुझ्या नावाने, तुझ्या सहीने निवेदन दे. सही कशावर करायची विचारत होतीस ना, ती ही. तारीख, वेळ, वर्गात कोण होतं, नेमके शब्द. ‘अपमानास्पद’, ‘भयंकर’ असली विशेषणं नकोत. ती नको म्हणाली तर तिच्या डोक्यावरून काही करू नकोस.

दुसरी मागणी तुम्ही सगळे मिळून करू शकता, त्याला कुणाची परवानगी नको: या कोर्सचे पेपर नावाऐवजी नंबर घालून तपासले जावेत. अमेरिकेतल्या बहुतेक लॉ स्कूलांत तसंच चालतं, अशक्य काही नाही. सक्तीचा कोर्स दुसऱ्या कुणाकडे करायची सोय मागायची असेल तर वर्गातल्या प्रसंगाच्या आधारावर मागा. पॉडकास्टच्या आधारावर मागितलीत तर लेव्हिनचा निकाल तुमच्या तोंडावर फेकला जाईल, आणि तो बरोबरच असेल.

व्हिसाचं. विद्यापीठाच्या आत केलेली भेदभावाची तक्रार आणि हजार लोकांनी सही केलेलं जाहीर पिटिशन, यात जोखीम सारखी नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं कलम केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला लागू आहे, त्यात वंशावरून भेदभाव बसतो आणि तक्रार केली म्हणून डूख धरणंही मना आहे. कागदावरचं हे, प्रत्यक्षात काय होईल त्याची हमी मी देणार नाही. म्हणून आधी ओम्बड्सच्या (तक्रारी निष्पक्षपणे ऐकून सल्ला देणाऱ्या) ऑफिसात जा, तिथलं बोलणं सहसा गुप्त राहतं, आणि बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी मोफत वकील असतो, तुमच्याकडे असेल तर त्याला तुझ्या व्हिसाची बाजू स्पष्ट विचार. टीएशिपचं पत्र, अटी, मुदत, सगळं एका फोल्डरमध्ये काढून ठेव. यातलं काय काय केलंस ते बाबांना सांग. ‘मी बघते’ एवढंच सांगितलंस तर त्यांची झोप उडेल, तपशील कळला तर थोडी तरी लागेल.

राहिला तुझा लेख. प्राध्यापकांच्या मताला उत्तर तू तुझ्या नावाने लिहावंस असं मला वाटतं, आणि त्यात त्यांना काढा असा एक शब्दही नसावा, फक्त त्यांचे आकडे आणि तुझे आकडे. पण कोर्सचे ग्रेड लागल्याशिवाय छापायला देऊ नकोस, आणि वकिलाने व्हिसाच्या दृष्टीने नको म्हटलं तर तेही ऐक. आज नाही तर पदवी हातात आल्यावर लिही. कच्चा मसुदा झाला की मला पाठव. आकडे मी तपासून देईन, लाल पेनने.

– मावशी